डॉक्टरांना ऐकायला कोणी शिकवलं?

रुग्णाशी नीट बोलणं ज्याच्या त्याच्या स्वभावात असतं, अशी समजूत वैद्यकशिक्षणात फार काळ टिकून होती. एखाद्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे म्हणतात, तसंच त्यांच्या बोलण्याबद्दलही म्हटलं जाई. ते शिकवता येईल, तपासता येईल आणि त्यासाठी परीक्षाही घेता येईल, हा विचार जेमतेम साठ-सत्तर वर्षांचा आहे. ही उशिरा लागलेली जाण मला औषधांच्या शोधांइतकीच मोलाची वाटते.

प्रश्न विचारून रोग ओळखणं जुनंच आहे. चरकसंहितेत रुग्णाची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा तीन मार्गांनी करायला सांगितलं आहे. पण जे कळलं ते रुग्णाला सांगायचं का, याबाबत जुने ग्रंथ सावध आहेत. मृत्यूची लक्षणं दिसली तरी रुग्णाला किंवा इतरांना धक्का बसणार असेल तर वैद्याने ती बोलू नयेत, असं चरक सांगतो. हिप्पोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या ग्रीक लेखनातही बऱ्याच गोष्टी रुग्णापासून झाकून ठेवण्याचा सल्ला आहे. म्हणजे रुग्णाने सांगायचं आणि वैद्याने ठरवायचं, अशी विभागणी फार पूर्वी झाली.

१८१६ मध्ये पॅरिसमध्ये रने लाएनेक यांनी स्टेथोस्कोप बनवला. रुग्ण काय सांगतो याबरोबरच आता त्याची छाती काय सांगते हेही ऐकू येऊ लागलं. पुढे क्ष-किरण आले, प्रयोगशाळा आल्या. या साधनांनी असंख्य जीव वाचवले, पण रुग्णाच्या तोंडच्या हकिगतीचं वजन हळूहळू कमी होत गेलं. १९२७ साली हार्वर्डचे फ्रान्सिस पीबडी यांनी नेमकी हीच चिंता मांडली: तरुण डॉक्टरांना रोगाची यंत्रणा पाठ असते, पण आजारी माणसाला सांभाळायचं कसं ते माहीत नसतं. लंडनमध्ये मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात फॅमिली डॉक्टरांचे गट जमवले आणि त्यांच्या अवघड रुग्णांवर चर्चा घडवली. डॉक्टर स्वतः हेच एक औषध आहे आणि त्याचाही डोस चुकू शकतो, हे त्यांचं म्हणणं आजही पटतं.

पण चर्चेत डॉक्टर जे आठवेल तेच सांगणार. खरा बदल तपासणीच्या खोलीत टेप रेकॉर्डर पोचल्यावर झाला. लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयात बार्बरा कॉर्श आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांना घेऊन आलेल्या आयांच्या ८०० भेटी अभ्यासल्या आणि १९६८ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलाला नेमकं काय झालंय हे जवळजवळ पाचव्या हिश्शाच्या आयांना स्पष्ट कळलं नव्हतं. आजार कशामुळे झाला, हा प्रश्न जवळपास निम्म्या जणींच्या मनात तसाच राहिला होता. साधारण चौथ्या हिश्शाच्या आयांनी तर आपली सर्वांत मोठी काळजी डॉक्टरांपाशी काढलीच नव्हती. भेट लांबली म्हणून समाधान वाढलं असंही नव्हतं. वेळच नसतो, हे डॉक्टरांचं म्हणणं खोटं नाही, पण अडचण तेवढीच नव्हती.

याच धाग्यातला १९८४ चा हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल यांचा अभ्यास सर्वांत जास्त गाजला. ध्वनिमुद्रित केलेल्या ७४ भेटींपैकी फक्त २३ टक्के भेटींत रुग्णाला सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करता आलं. जिथे डॉक्टरांनी मध्येच तोडलं, तिथे ते सरासरी १८ सेकंदांत. हा आकडा पुढे डॉक्टरांना झोडपायला फार वापरला गेला. ते मला अन्यायाचं वाटतं. बाहेर रांग लागलेली असताना समोरच्याचं बोलणं संपणारच नाही ही भीती खरी असते. शिवाय पहिली तक्रार ऐकताच निदानाच्या दिशेने प्रश्न सुरू करायचे, हेच तर शिकवलेलं असतं. त्यात रुग्णाने आधी सांगितलेली तक्रारच मुख्य आहे असं धरलं जातं, आणि मुख्य गोष्ट उठता उठता, दारापाशी निघते.

त्या भीतीचं उत्तर २००२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलहून आलं. तिथल्या एका ओपीडीत डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकायचं आणि गुपचूप वेळ मोजायचा, असं ठरलं. ३३५ रुग्णांचं सुरुवातीचं बोलणं सरासरी ९२ सेकंदांत आपोआप थांबलं. ७८ टक्के रुग्ण तर दोन मिनिटांच्या आत बोलून मोकळे झाले.

लपवण्याची परंपराही याच काळात मोडली, तीही फार झपाट्याने. १९६१ मध्ये शिकागोत डोनाल्ड ओकेन यांनी २१९ डॉक्टरांना विचारलं, तेव्हा सुमारे ९० टक्क्यांचा कल कॅन्सरचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. अनुभवावरून असं ठरवलंय, असं ते म्हणत. ओकेन यांना मात्र त्यामागे पडताळलेल्या अनुभवापेक्षा आधीच बनलेली मतं दिसली. १९७९ मध्ये तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. उपचार सुधारले होते, आणि माहिती देऊन संमती घेण्याचा आग्रह कायद्यातही आला होता. पण सांगायचं ठरलं म्हणजे कसं सांगायचं ते आलं असं होत नाही. २००० साली वाईट बातमी देण्याची सहा पायऱ्यांची ‘स्पाइक्स’ पद्धत प्रसिद्ध झाली. आधी रुग्णाला काय माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचं आहे हे विचारा, मग सांगा, हा तिचा गाभा. काय ऐकायचं हे ठरवण्याचा हक्क तिने रुग्णाकडे दिला.

शिकवून फरक पडतो का? मँचेस्टरमध्ये पीटर मॅग्वायर यांनी विद्यार्थ्यांच्या मुलाखती चित्रित करून त्यांना त्या दाखवल्या आणि चुका समजावल्या. काही वर्षांनी, १९८६ मध्ये, तेच विद्यार्थी डॉक्टर म्हणून पुन्हा तपासले, तेव्हा हिस्टरी घेण्यात, म्हणजे रुग्णाला विचारून आजाराची हकिगत जाणून घेण्यात, ते इतरांपेक्षा सरस होते. मात्र रुग्णाला आजार आणि उपचार समजावून सांगण्यात तेही कच्चेच निघाले, कारण ते त्यांना शिकवलंच नव्हतं. ऐकणं आणि समजावणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत उपयोगी निरीक्षण वाटतं. पुढे १९९० च्या दशकात रुग्णाशी संवाद शिकवण्यासाठी आलेल्या कॅल्गरी-केंब्रिज मार्गदर्शिकेत समजावण्याला म्हणूनच स्वतंत्र जागा मिळाली.

हा दुसरा भाग अजून मागेच आहे. सॅन फ्रान्सिस्कोत मधुमेहाच्या रुग्णांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डॉक्टरांनी सांगितलेल्या १२४ नव्या गोष्टींपैकी फक्त १५ गोष्टी रुग्णाला समजल्या की नाही हे तपासलं गेलं होतं. “समजलं ना?” असं विचारलं की बहुतेक जण मान डोलावतात. त्याऐवजी “घरी गेल्यावर या गोळ्या कशा घेणार, ते मला एकदा सांगाल का?” असं विचारलं की समजलेलं आणि राहून गेलेलं दोन्ही लगेच दिसतं. आणि जिथे डॉक्टरांनी अशी खात्री करून घेतली, त्या भेटी इतरांपेक्षा लांबल्या नव्हत्या.