'विचर ४'च्या मागे: वॉर्साचा बाजार, दुपारची भुतं आणि सिरी

१३ डिसेंबर २०२४ची सकाळ. अमेरिकेत अजून आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. तिथे गेम अवॉर्ड्सच्या सोहळ्यात 'द विचर ४' या व्हिडिओ गेमचा ट्रेलर दाखवला, तेव्हा मी गोव्यात म्हापशातल्या घरी हेडफोन लावून बसलो होतो. एका गावाने राक्षसाला बळी द्यायला एक मुलगी नटवली आहे. गेमची नायिका सिरी मध्ये पडते, त्या राक्षसाला मारते, मुलीला घरी परत पाठवते. जिंकून ती गावात येते, तर मुलगी मेलेली. राक्षसाने नव्हे, गावकऱ्यांनीच मारलेली. ट्रेलर संपला तेव्हा बाहेर पोदेराचा भोंगा वाजत होता. पाव आणायला मी उठलोच नाही. पुन्हा पहिल्यापासून लावला.

हा गेम नेमका कधी येणार, याची तारीख तो बनवणाऱ्या पोलंडच्या 'सीडी प्रोजेक्ट' कंपनीने तेव्हा दिलीच नव्हती. पुढे २०२५मध्ये एवढंच सांगितलं, की २०२६ संपण्याआधी तो येणार नाही. ही वाट पाहणं मला जड जात नाही, कारण या गेमच्या मागे जी गोष्ट आहे तीच मुळात चाळीस वर्षांची आहे.

पोलंडमधल्या 'फांतास्तिका' या मासिकाने ऐंशीच्या दशकात कथास्पर्धा घेतली. आंद्रे सापकोव्स्की तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावरचे, विदेश व्यापाराच्या नोकरीत. त्यांनी एक कथा पाठवली, तिला तिसरा नंबर मिळाला आणि १९८६च्या डिसेंबरच्या अंकात ती छापून आली. कथेचा गाभा जुन्या पोलिश लोककथेतला: राजाची शापित मुलगी मेल्यावर रात्री शवपेटीतून उठते आणि माणसं खाते. कोंबडा आरवेपर्यंत तिला पेटीत परत जाऊ दिलं नाही, तर शाप सुटतो. लोककथेतल्या धाडसी तरुणाच्या जागी सापकोव्स्कींनी एक व्यावसायिक उभा केला. विचर म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस. लहानपणीच औषधं पाजून ज्याचं शरीर बदललंय आणि ज्याला लोक कामापुरतं बोलावतात, काम झालं की गावाबाहेर काढतात. त्याचं नाव गेराल्ट. पुढे या कथांमध्ये सिरी आली, आणि गेराल्ट तिचा बाप झाला, रक्ताचा नसला तरी.

दुसरा धागा बाजारातला. नव्वदीच्या सुरुवातीला पोलंडमध्ये बहुतेक गेम कॉपी करूनच विकले जात. कॉपीराइटचा नवा कायदा आला १९९४ साली. त्याच वर्षी मार्चिन इविन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन मित्रांनी 'सीडी प्रोजेक्ट' काढली. दोघांची शाळेपासूनची ओळख, आणि वॉर्साच्या कॉम्प्युटर बाजारात गेमची देवघेव करून हात तयार झालेला. काम सरळ होतं: बाहेरून सीडीवरचे गेम आणायचे आणि विकायचे. पण शेजारच्या टेबलावर तोच गेम कॉपी करून मातीमोल भावात मिळत असताना खरा कोण घेणार?

हा बाजार मला परका नाही. म्हापशात शाळेच्या दिवसांत आम्ही मित्र पैसे गोळा करून एका टेबलावरून सीडी घेतली होती. कव्हर झेरॉक्सचं, वरचं नाव मार्करने लिहिलेलं. घरी लावली तर सत्तर टक्क्यांवर इन्स्टॉल अडकलं ते कायमचं. विकणाऱ्याने बदलून दिली नाही. खरी पेटी गोव्यात कुठे मिळते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं आणि परवडलीही नसती.

म्हणूनच इविन्स्की आणि किचिन्स्कींनी काढलेला तोडगा मला फार भावतो. कागद-फाशांवरच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून, म्हणजे १९७४पासून, चालत आलेल्या रोल-प्लेइंग, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायच्या, परंपरेचा एक मोठा गेम १९९८च्या अखेरीस आला होता: 'बाल्डर्स गेट'. त्यात वाचायला अफाट मजकूर. सीडी प्रोजेक्टने १९९९मध्ये तो सगळा पोलिशमध्ये आणला. निवेदनाला प्योत्र फ्रोंचेव्स्की हा नावाजलेला नट बसवला. पेटीत नकाशा, पुस्तिका असा ऐवज घातला, जो कॉपी केलेल्या सीडीबरोबर मिळणं शक्यच नव्हतं. लोकांनी खरी पेटी घेतली, कारण ती त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलत होती. पुढचं जे काही मोठं झालं, त्याची मुळं मला तिथे दिसतात. मराठीत पूर्ण बोलणारा एवढा मोठा गेम हातात घेण्याचं भाग्य मला अजून लाभलेलं नाही, त्यामुळे ही नोंद करताना थोडा हेवाही वाटतो.

मग स्वतःचा गेम करायचं ठरलं, आणि विषय अर्थात विचर. त्याच्यावर गेम करण्याचा आणखी एका पोलिश कंपनीचा प्रयत्न आधी अर्ध्यावर राहिला होता. यांचाही पहिला नमुना कुणाला पटला नाही. 'बाल्डर्स गेट' बनवणाऱ्या कॅनडाच्या बायोवेअरने त्यांना आपलं ऑरोरा इंजिन, म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते सॉफ्टवेअर, दिलं आणि २००४च्या ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात आपल्या स्टॉलवर जागाही दिली. ऑक्टोबर २००७मध्ये पहिला 'विचर' आला. त्याची सुरुवातच शवपेटीतल्या त्या राजकन्येपासून होते. २०११मध्ये दुसरा, १९ मे २०१५ला तिसरा. तिसऱ्याच्या पाच कोटींवर प्रती खपल्या.

तिसऱ्याचं कौतुक नकाशाच्या आकारासाठी फार झालं. मला तो धरून बसला त्यातल्या गावांमुळे. गेममधल्या स्केलिगे बेटांवरच्या एका गावात जंगलाचा रक्षक लेशी माणसं मारू लागला आहे. म्हातारे म्हणतात, आपण मान द्यायचं विसरलो, विधी करा. तरुण म्हणतात, मारून टाका. मी पहिल्यांदा तरुणांचं ऐकलं. लेशीला मारून गावात परतलो, तर तरुणांनी त्या म्हाताऱ्यांचीच कत्तल केलेली. त्या रात्री मी गेम बंद करून नुसता बसून राहिलो. आमच्या म्हापशाचा राखणदार देव बोडगेश्वर. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात अजून देवरायी आहेत, तिथली काटकी तोडायलाही लोक कचरतात. राखणदाराला मान द्यायचा म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

२०१५ ते २०२४ या मधल्या काळात कंपनीला मोठा तडाखा बसला. डिसेंबर २०२०मध्ये आलेला 'सायबरपंक २०७७' जुन्या कॉन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर, इतका अडखळत होता, की प्लेस्टेशनवाल्या सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून सहा महिने काढून टाकला. कंपनीने नंतर तो गेम दुरुस्त केला, पण धडा महागात पडला. मार्च २०२२मध्ये नव्या विचरची घोषणा झाली ती बर्फात पडलेल्या, लिंक्स या रानमांजराच्या पदकाच्या चित्राने, आणि त्यासोबतच सांगितलं की घरचं रेड इंजिन सोडून आता अनरियल इंजिन ५वर काम होणार. जून २०२५मध्ये त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं: उत्तरेतला कोव्हिर देश, वाल्ड्रेस्ट नावाचं बंदर, सिरीची केल्पी घोडी, बाजारात एकाच वेळी हलणारी-बोलणारी तीनशे माणसं. साध्या प्लेस्टेशन ५वर सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे चित्र न अडखळता. हा तंत्राचा नमुना आहे, प्रत्यक्ष गेम नाही, हे कंपनीने स्वतःच स्पष्ट केलं. तरीही साध्या कॉन्सोलपासून सुरुवात केली, यात मला धडा शिकल्याची खूण दिसते.

राहिला सिरी नायिका असण्याचा वाद. विचर बनवणारे ते प्रयोग मुलींवर होत नसत, मग ती विचर कशी, असं पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर गेमनेच द्यायला हवं. पण तिसऱ्या भागात अधूनमधून तिच्या रूपात खेळलेल्या मला दुसरी कुणी नायिका सुचत नाही. ट्रेलरमध्ये तिने मारलेला तो राक्षस, बाउक, हाही सर्बियाच्या लोककथांतला, अंधारात दबा धरून बसणारा. म्हणजे वाट तीच आहे.

सध्या माझा भाचा तिसरा भाग पहिल्यांदा खेळतोय. तो अजून व्हाइट ऑर्चर्ड या सुरुवातीच्या गावातल्या पडक्या विहिरीपाशीच आहे. तिथे भर दुपारी एका खून झालेल्या नवरीचं भूत फिरतं. तिचं कंकण विहिरीच्या तळाशी आहे. ते वर आणून तिच्या प्रेताबरोबर जाळावं लागतं. परवा दुपारी तो हे करत असताना त्याची आजी, म्हणजे माझी आई, मागे येऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बारा वाजता विहिरीवर जायचं नसतं, हे त्या लोकांनाही माहीत आहे तर." आणि कंकण जळेपर्यंत ती तिथून हलली नाही.