खान्देशातील कागदी हस्तकला आणि सजवलेली लेखनसामग्री

हातकागद, कार्डशीट, क्रेप, पतंगी कागद अशा कागदांपासून शुभेच्छापत्रे, आहेराची पाकिटे, वह्या, तोरणे, आकाशकंदील, मखरे, राख्या आणि रुखवताच्या वस्तू हाताने तयार करून विकण्याचा घरगुती व्यवसाय. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तो आढळतो. करणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा आहे. शाळांतले कलाशिक्षक, बाइंडर आणि सुटीत हात चालवणारी मुलेमुलीही त्यात आहेत. या व्यवसायाचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालते. श्रावणात राखी, भाद्रपदात मखर, आश्विनात कंदील आणि वही, तुळशीचे लग्न लागले की रुखवत आणि पत्रिका, संक्रांतीला हळदीकुंकवाचे वाण. मधल्या महिन्यांत हात रिकामे राहतात, म्हणून कायमचे दुकान थाटणारे थोडे. उद्योगांच्या नोंदींत हे काम क्वचितच दिसते. गल्लीत विचारले तर मात्र ‘त्या कोपऱ्यावरच्या ताई करून देतात’ असे उत्तर हमखास मिळते.

एरंडोल आणि यावलचा कागद. खान्देशात कागदावरच्या कलेआधी खुद्द कागद बनत होता, आणि या विषयात ही गोष्ट सर्वांत कमी सांगितली जाते. अंजनी नदीकाठचे एरंडोल आणि सातपुड्याच्या पायथ्याचे यावल ही दोन्ही गावे जाड्याभरड्या देशी कागदासाठी प्रसिद्ध होती, असे ब्रिटिशकालीन गॅझेटियरांत नमूद आहे. त्या काळीच हा धंदा उतरणीला लागला होता. दख्खनमध्ये कागद करण्याची जी रीत रूढ होती, तिच्यात जुने गोणपाट, दोर, चिंध्या असा टाकाऊ माल तुकडे करून भिजवत, चुना लावून मुरवत आणि ढेकीखाली, म्हणजे पायाने चालवायच्या लाकडी मुसळाखाली, कुटत. धुऊन पुन्हा कुटलेला लगदा पाण्याच्या हौदात ढवळून सोडायचा आणि गवताच्या काड्यांच्या साच्यावर त्याचा पातळ थर उचलायचा. साचा बुडवून बाहेर काढताना दोन्ही मनगटांना जो हलका झोका द्यावा लागतो, त्यावर कागदाची जाडी ठरते. ओले ताव एकावर एक रचून, दाबून पाणी काढत, भिंतीला चिकटवून वाळवत, खळ देत आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटत. घोटल्याशिवाय बोरूची शाई कागदावर पसरते. दप्तरातला कागद आणि पोथीचा कागद यांतला फरक बराचसा या घोटाईचा असे.

रेल्वे आली, तिच्याबरोबर गिरणीचा स्वस्त कागद आला आणि सरकारी कचेऱ्यांनी तोच वापरायला घेतला. हाती कागद करणाऱ्यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने कचेरी आणि पेढी हेच होते. ते गेल्यावर धंदा टिकणे शक्य नव्हते.

हातकागदाला पुन्हा मान मिळाला तो ग्रामोद्योगाच्या चळवळीत. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हाती घेतलेल्या उद्योगांत हातकागद होता. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला झाले. पंडित नेहरू त्याचे अध्यक्ष होते. गांधीजींच्या आग्रहावरून मंडपाच्या सजावटीचे काम चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडे होते आणि त्यांनी बांबूसारखे गावात मिळणारे साहित्यच वापरले. सजावटीला महाग सामान लागत नाही, जवळच्या वस्तूंकडे नीट पाहणारा डोळा लागतो, हे खान्देशाने तेव्हा आपल्याच मातीत पाहिले.

जुन्या कागदाचे मोल समजून घ्यायचे तर धुळ्याला जावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळात आणि शंकर श्रीकृष्ण देव यांच्या खटपटीतून झालेल्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जुनी दप्तरे, पोथ्या आणि बाडे जपलेली आहेत. पोथी लिहिताना समास सोडण्याची, लाल शाईने हाशिया आखण्याची आणि अध्यायाची अखेर लाल अक्षरांत लिहिण्याची रीत असे. आज डायरीच्या पानाला किनार काढणाऱ्याने ती रीत एकदा प्रत्यक्ष पाहावी. ओळींतले अंतर आणि कडेची मोकळी जागा यांचा असा मेळ आजच्या तयार नमुन्यांत सहसा सापडत नाही.

वही. खान्देशात सर्वांत दीर्घकाळ टिकलेली सजवलेली लेखनसामग्री म्हणजे व्यापाऱ्याची लाल वही. जळगावची सराफी, कापसाच्या पेढ्या, धान्य आणि डाळींचा व्यापार यांमुळे कीर्द-खतावणीच्या वह्यांना इथे कायम मागणी होती. ही वही लांबट असते. तिला लाल कापडाचे मऊ पुठ्ठे असतात आणि त्यांवर पांढऱ्या दोऱ्याचे उठावदार टाके घातलेले असतात. ते टाके पुठ्ठ्याचे थर धरून ठेवतात आणि तीच तिची नक्षीही होते. पानांवर छापील रेघा नसतात. ताव घडी घालून दाबतात, त्याच्या सळांनी जे उभे रकाने पडतात, त्यांत जमा आणि नावे लिहायचे. शाई न खर्चता आखणी झालेली असते आणि दिव्याच्या उजेडातही सळ दिसतो.

दिवाळीला नवी वही आणून तिचे पूजन होते. पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढतात, ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहितात. गुजराती व मारवाडी पेढ्यांवर ‘श्री’ची उतरंड मांडतात: वर एक श्री, खाली दोन, मग तीन, असा त्रिकोण भरत जातो. संगणकावर हिशेब सुरू झाल्यापासून मोठ्या वह्यांचा खप घटला, तरी पूजेपुरती एक लहान वही बहुतेक दुकानदार घेतातच. वही बांधणाऱ्यांना उरलेले हेच हक्काचे काम आहे. तीच बांधणी लहान आकारात करून रोजनिशी, पाककृतींची वही, पाहुण्यांचे अभिप्राय लिहायची वही अशा रूपात विकता येते. यंत्रावर हुबेहूब निघणार नाही आणि दुसऱ्या प्रांतातून आणावी लागणार नाही, अशी ही वस्तू आहे. या व्यवसायात येणाऱ्याने पहिल्यांदा ती शिकावी.

हस्तलिखिते. शाळांमधून चालत आलेली सजवलेल्या हस्तलिखित अंकांची परंपरा हा या कलेचा दुसरा झरा. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना साने गुरुजी (१८९९–१९५०) छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक चालवले. छापखान्याची वाट न पाहता रोज मजकूर लिहून मुलांपुढे ठेवणे हा त्या दैनिकाचा प्राण होता. शाळाशाळांतून पंधरा ऑगस्ट, शिक्षकदिन, स्नेहसंमेलन अशा निमित्ताने हस्तलिखिते निघतात. कुणाचे अक्षर, कुणाचे चित्र, कुणाची वेलबुट्टी अशी कामाची वाटणी होते. पत्रिका लिहून देणाऱ्या किंवा नावाची पाटी रंगवणाऱ्या कित्येकांचा हात अशाच अंकावर पहिल्यांदा बसलेला असतो.

सणावारांचे काम. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई या खान्देशातल्या देवीची स्थापना होते. नारळाला मुखवटा व दागिने चढवून चौरंगावर कानबाई मांडतात आणि मागे आरास करतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची गुलाबाई (पार्वतीचे लोकरूप) बसते, तिच्या मागेही रंगीत कागदाची फुले आणि झालरी लागतात. ही कामे पूर्वी घरातच व्हायची. आता तयार पडदे व कमानी बाजारात येतात आणि त्या शिवण्या-चिकटवण्याचे काम पुन्हा घराघरांतच वाटले जाते.

गणपतीच्या मखरात मोठा बदल झाला तो २०१८ मध्ये, राज्याने प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी घातली तेव्हा. थर्माकोल तारेने सरसर कापला जाई; पुठ्ठा कापायला जोर, मोजमाप आणि धारदार कटर लागतो. पुठ्ठ्याचे मखर घडीचे करता येते, पुढच्या वर्षीही वापरता येते आणि दुचाकीवरून सहज नेता येते. या कारणांनी ते रुळले.

लग्नसराईत रुखवत हा कागदकामाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक आहे. क्विलिंगची (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली) बैलगाडी, रहाटाची विहीर, पालखी, तुळशीवृंदावन, सप्तपदीच्या सात पावलांचा संच या वस्तू मागून करून घेतल्या जातात. संच भाड्यानेही देतात. भाड्याच्या धंद्यात वस्तूवर पारदर्शक वार्निश मारावे लागते, नाहीतर दुसऱ्या लग्नाला तिचे कोपरे उलतात. हाताने केलेल्या लग्नपत्रिकेला मात्र मर्यादा आहे. पत्रिकेत भाऊबंद, मामेकुळ, निमंत्रक आणि प्रेषक यांची नावे गाळली तर रुसवे होतात, आणि एवढा मजकूर छापील पत्रिकेतच मावतो. म्हणून हातकागदाची पत्रिका कुलदैवतापुढे ठेवण्यापुरती व मानाच्या घरांपुरती केली जाते.

माल आणि हात. केळी आणि कापूस ही खान्देशाची दोन पिके कागदाच्या कामाची आहेत. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. घड उतरवल्यावर केळीचा खांब शेतातच पडतो. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, पण उरलेल्या भागात लांब, चिवट धागा असतो. सोपटे सोलून यंत्राने तो काढतात. शिजवून, कुटून त्याचा कागद होतो. असा कागद किंचित पिवळसर, खुळखुळणारा आणि फाडायला कठीण असतो. पाण्यामुळे जड झालेला खांब लांब वाहून नेणे परवडत नाही, म्हणून धागा शेताजवळच काढणे भाग आहे. सध्या बाजारात मिळणारा बहुतेक हातकागद होजिअरीच्या सुती कातरणीचा असतो. १९४० मध्ये सुरू झालेली पुण्याची हातकागद संस्था आणि राजस्थानातले सांगानेर ही त्याची नावाजलेली ठिकाणे. टिकल्या, लेस, जर आणि मणी यांसाठी खान्देशातल्या बायका सुरतेकडे पाहतात. भुसावळ–सुरत रेल्वेमार्गामुळे ती बाजारपेठ हाताशी आहे.

हातकागदाचा पूर्ण ताव साधारण २२ बाय ३० इंचांचा असतो. ५ बाय ७ इंचांचे घडीचे कार्ड करायचे तर उघडे माप १० बाय ७ होते. तीस इंचांच्या बाजूवर तीन, बावीसच्या बाजूवर तीन, अशी एका तावातून नऊ कार्डे निघतात आणि एक इंचाची तीस इंच लांब पट्टी उरते. तिचे दोन-दोन इंचांचे तुकडे केले की भेटवस्तूला बांधायच्या पंधरा चिठ्ठ्या होतात. पट्टी एकाच कडेने काढली तर नऊपैकी सात कार्डांना कुठे ना कुठे तावाची कच्ची, दातेरी कड मिळते. गिऱ्हाईक त्या कडेवरूनच हातकागद ओळखतो, म्हणून सगळ्या कडा कटरने सरळ करणे म्हणजे चांगला माल स्वस्त करणे होय. घडी घालण्याआधी बोथट टोकाने रेघ दाबून घ्यावी. नुसती दुमडली तर जाड कागदाचे धागे वर येतात.

हवामान हा या कामातला मोठा अडसर. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. डिंक पसरेपर्यंत वाळतो आणि कार्ड वाकते. तेव्हा काम पहाटे करावे, चिकटवलेला माल वजनाखाली ठेवावा. पावसाळ्यात उलट त्रास, राखीच्या ऐन हंगामात कागद सर्दावतो. वही बांधणारे मैद्याच्या खळीत थोडे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतात. त्याने कसर आणि बुरशी लागत नाही, पण ते विषारी असल्याने ती खळ मुलांच्या हाती देऊ नये.

विक्री. बचत गटांची प्रदर्शने, राखी आणि दिवाळीआधी लागणारे स्टॉल, ब्यूटी पार्लर किंवा साडीच्या दुकानात ठेवलेला माल आणि व्हॉट्सॲपवरच्या ओळखी या विक्रीच्या मुख्य वाटा. दुकानदार माल ठेवून घेतो आणि विकला गेला तरच पैसे देतो. न खपलेला माल परत येतो तेव्हा बहुधा त्याचे कोपरे दुमडलेले असतात. ही जोखीम सगळी करणारीच्या माथी असते, हे अन्यायाचे आहे. किंमत ठरवतानाही कागद, डिंक, टिकल्या यांचा खर्च धरला जातो आणि तासांची मजुरी सुटते. ‘घरीच तर बसून करता’ हे गिऱ्हाइकाचे वाक्य बनवणाऱ्याही खरे मानतात. शेतात निंदणीला गेल्यावर जो रोज मिळाला असता, निदान तोच दर या तासांना लावला पाहिजे. नाव घालून करायच्या कामाला निम्मी रक्कम इसार म्हणून आधी घ्यावी, कारण एकाचे नाव घातलेले पाकीट दुसऱ्याला विकता येत नाही.

नक्षीच्या बाबतीत खान्देश अजून उसनवारीवर आहे. प्रदर्शनातल्या कार्डांवर वारली चित्रे सर्रास दिसतात, आणि ती पालघरकडची आहेत. कानबाईचा मुखवटा, दादर ज्वारीची कणसे, केळीचे कमळ, पोळ्याच्या बैलाची झूल, कपाशीचे उमललेले बोंड ही चित्रे कागदावर फार कमी वेळा येतात. पाकिटावर अहिराणीतून चार शब्द लिहिले तर ते मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेल्या खान्देशी माणसाच्या काळजाला भिडतात. ‘बठ्ठास्ले दिवाळीन्या शुभेच्छा’ (सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा) असे लिहिलेले पाकीट धुळ्या-जळगावाबाहेर कुणी करणार नाही.