स्ट्रायपर फ्लाय

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास (मोरोने सॅक्सॅटिलिस) हा मासा फ्लाय रॉडने, म्हणजे जड दोरी (लाइन) झुलवून फेकायच्या लवचिक काठीने, धरण्यासाठी गळावर पिसं आणि केस बांधून केलेलं खोटं आमिष म्हणजे स्ट्रायपर फ्लाय. फ्लाय म्हटलं तरी माशीशी हिचा संबंध नाही, हे बारक्या मासळीचं सोंग. मासा चंदेरी, अंगावर सात-आठ काळे पट्टे, न्यू इंग्लंडात त्याला स्ट्रायपर म्हणतात आणि चेसापीक उपसागरात रॉकफिश. वाढतो समुद्रात आणि वसंतात अंडी घालायला नदीत चढतो, म्हणजे आपल्या जिताड्याच्या बरोबर उलट, आणि दोघांचं कुळही वेगळं, नावातल्या बासवर जाऊ नये.

सुरुवात नेमकी कधीची यावर एकमत नाही. १९व्या शतकातल्या अमेरिकन लिखाणात पोटोमॅक नदीवर सामन माशासाठीच्या फ्लायने हा मासा धरल्याचे उल्लेख आहेत, पण त्या फ्लाय उसन्याच. खास याच माशासाठी बांधलेल्या म्हणाव्यात तर मेरीलंडच्या टॉम लव्हिंगच्या, साधारण १९२० च्या दशकातल्या, आणि नंतर ऱ्होड आयलंडच्या हॅरल्ड गिब्जची, ती बहुधा १९४० च्या दशकातली. गंमत म्हणजे मासेमारीवर लिहिणाऱ्या जो ब्रूक्स यांनी १९४८ साली फ्लायने धरलेला गाजलेला २९ पौंडी मासा ओरेगनचा, पॅसिफिकचा! तिथे हा मासा मुळात नव्हताच, १८७९ मध्ये न्यू जर्सीहून आगगाडीने पिल्लं कॅलिफोर्नियात नेऊन सोडली, त्यांचा विस्तार तिथवर गेला.

खरा वाद आहे लेफ्टीज डिसीव्हरबद्दल. मेरीलंडचे लेफ्टी क्रे (१९२५–२०१८) यांनी ही फ्लाय चेसापीकच्या स्ट्रायपरसाठी बांधली, बहुतेक ठिकाणी काळ १९५० च्या दशकाचा उत्तरार्ध दिलेला असतो, कुठे थोडा पुढचा. काहींचं म्हणणं, यात नवीन काय, लांब पिसं गळाच्या शेपटीकडच्या टोकाला बांधायची रीत फ्लोरिडात होमर ऱ्होड यांच्या टार्पन स्ट्रीमरमध्ये (टार्पन हा समुद्री मासा, स्ट्रीमर म्हणजे मासळीसारखी लांब फ्लाय) १९३० च्या दशकापासूनच होती. ते खरंय, पिसांची जागा तीच. पण ऱ्होडच्या फ्लायमध्ये पुढे नुसतं पीस गोल गुंडाळलेलं असतं, आणि डिसीव्हरला पुढून हरणाच्या शेपटीच्या केसांची, म्हणजे बकटेलची, कॉलर असते जी गळाच्या बाकाच्याही मागे जाते. फरक किरकोळ वाटतो, पण सगळी मेख त्यात आहे. इतर जुन्या स्ट्रीमरमध्ये पिसं गळाच्या डोळ्यापाशी, म्हणजे दोरा ओवायच्या भोकापाशी, बांधायचे, मग फेकताना ती बाकाला गुंडाळायची, फ्लाय वाकडी पोहायची आणि मासा बघून परत फिरायचा. क्रे यांना हेच टाळायचं होतं, शिवाय आकार माशाचा हवा आणि पाण्यातून उचलली की पाणी झटकून हवेत हलकी उडायला हवी. म्हणून ऱ्होडचं ऋण मान्य करूनही डिसीव्हरला स्वतंत्र मानणं मला जास्त पटतं. शिवाय डिसीव्हर हा ठरलेला नमुना नाहीच, ती बांधायची पद्धत आहे, रंग-लांबी कुठलीही घ्या. १९९१ साली अमेरिकन टपाल खात्याने तिचं तिकीटही काढलं.

बांधताना गळ व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंज्यात, धरून दोरा बाकाच्या सुरुवातीपर्यंत न्यायचा, तिथे कोंबड्याच्या पाठीची सहा-आठ लांब पिसं, अर्धी एका बाजूला अर्धी दुसऱ्या, आतल्या बाजू एकमेकींकडे करून, सोबत थोडी चमकी. दांडीवर चंदेरी गुंडाळी. मग डोळ्यामागे बकटेल, आणि इथेच नवखा माणूस फसतो, केस जास्त घेतो. मूठभर केस बांधले तर फ्लाय ब्रशसारखी दिसते आणि बुडत नाही. केस विरळ ठेवले की ओली झाल्यावर ती मागे निमुळती होत जाते, बादलीत बुडवून ओढून बघितली तर लगेच कळतं.

दुसरी महत्त्वाची म्हणजे क्लाउजर मिनो, पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउजर यांची, १९८० च्या दशकातली. ती सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशासाठी होती, समुद्रात नंतर गेली. दांडीवर शिशाचे डंबेलसारखे डोळे, त्यामुळे गळ उलटा होऊन पोहतो आणि ओढ थांबली की फ्लाय डोकं खाली करून बुडते. न्यू जर्सीच्या बॉब पोपोविक्स यांच्या मोठ्या पोकळ बकटेल फ्लाय त्यानंतरच्या.

मासेमारीला बहुधा ९ फुटी, ८ ते १० वेटचा (वेट म्हणजे रॉडला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉड, हळू बुडणारी इंटरमीजिएट लाइन आणि कमरेला स्ट्रिपिंग बास्केट, म्हणजे ओढलेली लाइन साठवायची टोपली, नाहीतर ओढलेली लाइन लाटेत पायात अडकते. पहाट, संध्याकाळ आणि वाहतं पाणी महत्त्वाचं, भरतीपेक्षाही ओहोटीला खाडीच्या तोंडाशी छोटी मासळी वाहून येते तिथे मासा टपून असतो. छोटी मासळी सँड ईल ही सडपातळ जात असेल तर फ्लाय बारीक-लांब, मेनहेडन ही रुंद अंगाची असेल तर उंच आणि मोठी. मासा लागला की रॉड वर उचलायचा नाही, हाताने लाइन खेचून गळ रुतवायचा, ट्राउट मासा धरणाऱ्यांची रॉड उचलायची सवय लवकर सुटत नाही.

१९७० नंतर मासा इतका घटला की १९८४ साली केंद्रीय कायदा झाला आणि मेरीलंडने १९८५ ते १९९० पूर्ण बंदी घातली. १९९५ ला साठा सावरल्याचं जाहीर झालं, पण २०१९ च्या पाहणीत पुन्हा अतिमासेमारी दिसली. २०२३ पासून समुद्रकिनाऱ्यावर शौकिया मच्छीमारांना फक्त २८ ते ३१ इंची मासा ठेवता येतो, बाकी सोडायचा, त्यामुळे बरेचजण आता बांधायच्या आधीच गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतात.