एमएच १२ दिसली की पाय ब्रेकवर का जातो?

संध्याकाळचे साडेसहा. नाशिकच्या मुंबई नाक्यावर नेहमीची गर्दी, मी रिक्षात. डावीकडून एक पांढरी गाडी इंडिकेटर न देता थेट पुढ्यात घुसली. रिक्षावाल्या काकांनी करकचून ब्रेक दाबला, नंबर प्लेटवर नजर टाकली आणि म्हणाले, "बारा नंबर! पुण्याची गाडी. दुसरं काय होणार?"

पुढच्या सिग्नलला तीच गाडी आमच्या शेजारी येऊन थांबली. काच खाली करून चालवणारा मुलगा म्हणाला, "सॉरी काका, आई मागे झोपलीय, दवाखान्यात चाललोय. लक्षच गेलं नाही." काकांनी विचारलं, "पुण्याहून आलात का?" तो म्हणाला, "नाही हो, इथल्याच सिडकोतला आहे. गाडी सेकंडहँड घेतलीय पुण्याहून."

त्या दोन वाक्यांनी काकांचा निष्कर्ष दोन्ही बाजूंनी कोसळला. माणूस पुण्याचा नव्हता आणि घाईचं कारण त्याच्या स्वभावात नव्हतं, मागच्या सीटवर होतं. पण तो सिग्नल हिरवा असता तर आम्हाला यातलं काहीच कळलं नसतं. "पुणेकरांना गाडी चालवता येत नाही" याचा आणखी एक पुरावा मनात जमा करून आम्ही घरी गेलो असतो. पुण्यात आपल्या नाशिकच्या एमएच १५बद्दल असंच बोललं जातं, हे तिथे राहून आलेल्या कुणालाही विचारा.

मग एखाद्या भागातले चालक खरोखर इतरांपेक्षा वाईट असतात का? प्रश्न चांगला आहे आणि तो तपासता येतो. आधी आपली नजर तपासू.

१९८१ साली ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने अमेरिकन आणि स्वीडिश विद्यार्थ्यांना विचारलं, की या गटात तुमचं गाडी चालवण्याचं कौशल्य कितवं? अमेरिकेतल्या ९३ टक्के मुलांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं, स्वीडनमधल्या ६९ टक्क्यांनी. वरच्या निम्म्यात जागा असते पन्नास टक्क्यांनाच. म्हणजे रस्त्यावर बिघडलेलं काहीही दुसऱ्या कुणामुळे बिघडलं असणार, हे आपण गाडीला किल्ली लावण्याआधीच ठरवलेलं असतं.

हा 'दुसरा कुणी' नेमका परगावचाच का निघतो, याचं उत्तर १९७६ च्या एका साध्या प्रयोगात आहे. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांनी लोकांना दोन काल्पनिक गटांबद्दलची वाक्यं वाचायला दिली. मोठ्या गटाबद्दल १८ चांगली आणि ८ वाईट, छोट्या गटाबद्दल ९ चांगली आणि ४ वाईट. प्रमाण दोन्हीकडे तंतोतंत सारखं. तरी वाचणाऱ्यांनी वाईट वागणुकीचा वाटा छोट्या गटावर प्रत्यक्षापेक्षा जास्त टाकला. वाईट वागणूक विरळ, छोटा गटही विरळ. दोन विरळ गोष्टी एकत्र दिसल्या की मनात घट्ट बसतात. नाशिकच्या रस्त्यावर एमएच १५ हा मोठा गट. कॉलेज रोडला दिवसभरात चार आपल्याच गाड्या आडव्या आल्या, तर त्यातली एकही रात्री जेवताना आठवत नाही. बारा नंबरची एक आडवी आली की ती घरापर्यंत सोबत येते.

तरीही सगळा दोष नजरेचा नाही. परगावचा माणूस खरोखरच वेगळी गाडी चालवतो, कारण त्याला रस्ता माहीत नसतो. मुंबईकडून हायवेने नाशकात शिरताना पुलावर चढायचं की सर्व्हिस रोडला राहायचं, हे आपल्याला सवयीने कळतं. द्वारका चौकात वळायचं असेल तर आपण कितीतरी आधी कडेला आलेलो असतो. नवखा माणूस मोबाइलच्या नकाशाकडे पाहतो, फाटा अगदी नाकासमोर आल्यावर त्याला उमगतं, आणि तो एकदम हळू होतो किंवा एकदम कापतो. मागच्याला तो बेशिस्त वाटतो. हाच माणूस कोथरूडमध्ये डोळे मिटून नीट जाईल, आणि तिथे चुकणारे आपण असू. म्हणून प्रत्येक गावाचा वाईट ड्रायव्हर शेजारच्या गावचा असतो.

आता आकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. सर्वाधिक अपघात तमिळनाडूत, ६४,१०५. सर्वाधिक मृत्यू उत्तर प्रदेशात, २२,५९५. मग वाईट कोण? २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरून भागाकार केला, तर लाख माणसांमागे मृत्यू उत्तर प्रदेशात साधारण ११, महाराष्ट्रात १३-१४ आणि तमिळनाडूत २५ च्या आसपास येतात. मृत्यूंच्या यादीत पहिला असलेला उत्तर प्रदेश या हिशेबात तिघांत शेवटी जातो. पण तमिळनाडूत घरोघरी वाहनं जास्त, म्हणजे भाजकही बदलायला हवा. खरा भाजक म्हणजे त्या भागात गाड्या एकूण किती किलोमीटर धावल्या, आणि तो आपल्याकडे धडपणे कुणी मोजत नाही. तो मिळेपर्यंत 'अमक्या राज्याचे चालक वाईट' हे वाक्य अर्धवट सोडवलेलं गणित आहे.

केरळचं उदाहरण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावतं. त्याच वर्षी केरळात ४३,९१० अपघात नोंदले गेले, महाराष्ट्रात ३३,३८३. आपण पुढे आहोत असं वाटतं ना? मृत्यू पाहा: केरळात ४,३१७, महाराष्ट्रात १५,२२४. तिथे शंभर अपघातांमागे दहा माणसंही गेली नाहीत, आपल्याकडे पंचेचाळीसहून जास्त गेली. यात नोंदीचा भाग असणार. किरकोळ धडकही पोलिसांच्या वहीत चढली तर अपघात वाढतात आणि हे प्रमाण उतरतं. दवाखाना किती जवळ, हाही भाग असणार. आणि वेग. केरळात रस्त्याकडेला वस्ती तुटतच नाही, लांब मोकळा रस्ता कमी.

वेगाचं गणित निर्दय आहे. गाडी ४० ऐवजी ६० ने गेली तर वेग दीडपट होतो, पण धडकेतली ऊर्जा सव्वादोनपट. रस्त्यावरचा सरासरी वेग एका टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. देशातल्या एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांची लांबी दोन टक्क्यांच्या आसपास, पण २०२२ मधले ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले. नाशिक जिल्ह्यातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो, पुण्याचा रस्ता जातो, सिन्नर-इगतपुरीतून समृद्धी जातो. इंदूरचा ट्रक आणि ठाण्याची कार इथे धडकली तरी अपघात नाशिकच्याच खात्यावर लिहिला जातो. त्या आकड्यावरून नाशिककरांच्या हाताबद्दल काय कळणार?

मग रस्त्यावरची संस्कृती वगैरे काही नसतंच का? असते, आणि ती मोजलीही गेली आहे. न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कामासाठी राहणाऱ्या परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना पार्किंगचा दंड भरण्यापासून मुभा होती. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ पासूनच्या पावत्या तपासल्या. शहर तेच, रस्ता तोच, शिक्षा कुणालाच नाही. माणशी सर्वाधिक पावत्या कुवेतच्या अधिकाऱ्यांच्या नावावर थकलेल्या, नॉर्वेवाल्यांची एकही नाही. माणूस आपल्या गावची सवय सोबत घेऊन फिरतो, हे इथे स्वच्छ दिसतं. पण २००२ मध्ये शहराने पावत्या थकवणाऱ्यांच्या गाडीची राजनैतिक नंबर प्लेट काढून घ्यायला सुरुवात केली आणि नियमभंग सुमारे ९८ टक्क्यांनी घटले. माणसं तीच होती.

माझं मत इथेच ठरलं. सवयी गावागणिक वेगळ्या असतात, पण त्या मातीत नसतात. परवाना कसा मिळतो आणि सिग्नल तोडल्यावर काय होतं, यातून त्या घडतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या एका अभ्यासात परवाना मिळालेल्या सुमारे ७१ टक्के लोकांनी चाचणी दिलीच नव्हती, आणि संशोधकांनी स्वतंत्र चाचणी घेतल्यावर ६२ टक्क्यांना गाडी चालवता येत नव्हती. अशा हातांना कुठल्याही जिल्ह्याचा नंबर लावा, काय फरक पडणार?

२०२७ च्या सिंहस्थात नाशकात देशभरातल्या नंबर प्लेट येतील आणि द्वारकेच्या अलीकडे त्यातली प्रत्येक गाडी क्षणभर गोंधळेल. त्र्यंबकला कुठून, पंचवटीला कुठून, गाडी कुठे लावायची, हे फाट्याच्या अर्धा किलोमीटर आधी डांबरावर बाण काढून आणि मराठी, हिंदी, गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहून सांगता येईल. ते रंगवायला अजून वेळ आहे.