लाउंज बोसा नोव्हा ही युरोपातल्या डीजेंची करामत?

कॅफेत, हॉटेलच्या लॉबीत वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोसा नोव्हाबद्दल (बोसा नोव्हा म्हणजे सांबातून आलेलं ब्राझीलचं संथ, गिटारवरचं संगीत) एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे: युरोपातल्या डीजेंनी जुन्या ब्राझिली रेकॉर्डी उचलल्या, खाली बीट टाकला, झालं काम. तसे रिमिक्सही निघाले, ढिगाने निघाले. पण या प्रकाराला जगभर श्रोते मिळवून देणारा अल्बम म्हणजे २००० सालचा 'तांतो तेम्पो'. गायिका बेबेल जिल्बेर्तो, म्हणजे बोसा नोव्हाच्या जनकांपैकी एक असलेल्या जुआंव जिल्बेर्तोची मुलगी. घरचंच गाणं की!

युरोपाचा हात नव्हताच, असंही नाही. अल्बम काढणारी रेकॉर्ड कंपनी बेल्जियमची होती आणि मुख्य निर्माता सुबा युगोस्लाव्हियात जन्मलेला. पण तो साओ पाउलोत स्थायिक होऊन तिथल्याच वादकांत रमला होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये आगीत त्याचा अंत झाला. अल्बम बाजारात आलेला त्याने पाहिलाच नाही.

आणि बीट बाहेरून चिकटवलाय म्हणणाऱ्यांनी जुआंवची गिटार नीट ऐकावी. अंगठा खर्जाचे सूर नेमाने धरून असतो. बाकीची बोटं एकदम कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, छेडतात, तीही बरेचदा ठोक्याला बगल देऊन. सांबाच्या तालवाद्यांचा अख्खा ताफा एका हातात. बीट देणाऱ्या मशीनने अंगठ्याला साथ द्यावी, बोटांची मोकळी जागा भरू नये. स्वस्तातले रिमिक्स नेमके तिथेच आपटतात.