मेणबत्ती विझते, पाणी चढतं. पण ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे

बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. ज्योत विझते, पाणी चढतं. 'ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली; बघा, हवेत ऑक्सिजन २१ टक्के!' हे स्पष्टीकरण डी.एल.एड., बी.एड.च्या पाठ टाचणांत वर्षानुवर्षं जसंच्या तसं उतरवलं जातं. ते चूक आहे.

मेणबत्ती विझते तेव्हाही ग्लासात साधारण १६ टक्के ऑक्सिजन उरलेला असतो. जो खर्च होतो, त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ येते. मग पाणी का चढतं? ग्लास ठेवताना कडेशी नीट बघा: बुडबुडे बाहेर पडतात. ती तापून फुगलेली हवा. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आत दाब घटतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. म्हणूनच पाणी मेणबत्ती जळताना हळूहळू नव्हे, तर ती विझता विझता एकदम चढतं.

खात्री हवी? त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त चढतं. भावी शिक्षकांकडून आधी हेच करून घ्यावं. टाचण नंतर लिहिता येईल.