पिशवीवरची दुसरी चिठ्ठी

रक्तपेढीच्या खिडकीतून रक्ताची पिशवी हातात येते (आजही बरेच जण तिला ‘बाटली’च म्हणतात), तेव्हा तिच्यावरचं मोठं छापील लेबल आधी दिसतं. भारतात त्याचा रंगही गटानुसार ठरलेला आहे: ‘ए’ला पिवळा, ‘बी’ला गुलाबी, ‘ओ’ला निळा, ‘एबी’ला पांढरा. हे लेबल रक्ताची ओळख सांगतं. ते कुणाला चालेल, हे सांगते सोबतची क्रॉसमॅचची, म्हणजे रुग्णाचं आणि दात्याचं रक्त जुळतं का या तपासणीची, चिठ्ठी. रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, वॉर्ड, त्याचा रक्तगट, पिशवीचा क्रमांक आणि तपासणाऱ्याची सही, एवढंच तिच्यावर असतं. पण जीव तिच्यावर अवलंबून असतो.

गट जुळला की झालं, असं आपल्याला वाटतं. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ज्या ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली, तो हा समज खोटा ठरवतो. नुसत्या तांबड्या पेशी तपासल्या तर हा गट ‘ओ’च वाटतो. पण या माणसांच्या पेशींवर ‘एच’ प्रतिजन (पेशीवरची एक ओळखखूण) नसतो, आणि ‘ओ’ रक्तात तर तो भरपूर. त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं (परक्या खुणेवर हल्ला करणारी प्रथिनं) ‘ओ’च्या पेशी फोडून टाकतात. क्रॉसमॅच करताना रुग्णाचा रक्तद्रव आणि दात्याच्या पेशी नळीत एकत्र केल्या की पेशींचे पुंजके दिसतात आणि धोका तिथेच कळतो. गरोदरपणात किंवा आधी रक्त चढवल्यामुळे तयार झालेली इतर प्रतिपिंडंही याच तपासणीत सापडू शकतात. म्हणूनच नुकतं रक्त चढवलेल्या रुग्णाचा नमुना साधारण तीन दिवसच ग्राह्य धरतात. पिशवीची मुदत ३५ दिवसांची असली तरी चिठ्ठीची तेवढी नसते.

एक गोष्ट मात्र प्रयोगशाळेला पकडता येईलच असं नाही. नमुन्याच्या नळीवरच चुकीचं नाव पडलं, तर पुढची सगळी तपासणी भलत्याच माणसाची होते. म्हणून नमुना घेताना आणि रक्त लावताना, दोन्ही वेळा खाटेपाशी “तुमचं नाव काय?” असंच विचारायला हवं. “तुम्ही पाटील ना?” असं विचारलं तर ग्लानीतला माणूस कशालाही हो म्हणतो. मग दोघांनी मिळून चिठ्ठी, पिशवी, केसपेपर आणि मनगटावरची पट्टी ताडून बघायची. वॉर्डात कितीही धावपळ असली तरी ही दोन मिनिटं द्यायलाच हवीत.

रक्त संपेपर्यंत चिठ्ठी पिशवीवरून काढायची नाही. मध्येच थंडी वाजली, पाठ दुखू लागली, लघवी लाल झाली, तर रक्त ताबडतोब थांबवतात आणि पिशवी चिठ्ठीसकट रक्तपेढीत परत जाते.